मास्टर फाइल माझ्या ताब्यात

८ एप्रिल १९८९
आमच्या कुलवृत्तांताचा संपादक म्हणून बिनविरोध निवड. दुसरं कोणी उभं नव्हतं, पण ते असो. अकरा शाखा, तीनशे माणसं. १४ मेला देवरूखच्या कुलसंमेलनात प्रकाशन. जुन्या वृत्तांतात लेकींची नावं घातलीच नव्हती. या वेळी घालणार. शहाऐंशी वर्षांच्या उमाआत्याला तसा शब्द दिला.

१२ एप्रिल
टायपिंगसाठी शेजारच्या सुमेधाकडे. तिच्याकडे मराठी उमटवणारा कॉम्प्युटर आहे. तिने समजावलं, प्रत्येक शाखेची वेगळी फाइल, ती चाइल्ड. सगळ्यांना एकत्र आणते ती मास्टर. पुढचं ऐकलं नाही, चहा आला. मी तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदार होतो. फायली मला कोण शिकवणार?

२० एप्रिल
रोज एक शाखा तपासायची. आज आंबे उतरवायचे होते. उद्या दोन.

३ मे
सुमेधाचं टायपिंग पुरं. माझं तपासणं शून्य. मात्र प्रस्तावना चौदा पानं झाली. तीही तिच्याकडून थेट मास्टरमध्ये टाइप करून घेतली.

९ मे
सुमेधा भावाच्या लग्नाला संगमेश्वरला. जाताना खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवून म्हणाली, काका, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. प्रस्तावनेत नुसता एक परिच्छेद वाढवत होतो, तर फ्लॉपी भरली. कोर्टाचा नियम: निकाल लागला की मसुदे ठेवायचे नाहीत. मास्टर असताना चाइल्ड हव्यात कशाला? अकराही पुसल्या. जादा फ्लॉपीवर पुन्हा त्याच. त्याही पुसल्या.

१२ मे
स्वतः प्रिंट काढली. स्क्रीनवर अकरा वेळा काहीतरी सूचना आली, एंटर दाबत गेलो. पानं कमी वाटली. कॉम्प्युटर आटोपशीर छापतो म्हणतात. लगेच बाइंडिंगला दिलं.

१४ मे, देवरूख
चुलतभाऊ परशुराम अध्यक्ष. त्याने पुस्तक उघडलं. माझी प्रस्तावना, मग एक कोरं पान, मग पुठ्ठा. उमाआत्या भिंग घेऊन पहिल्या पानापासून बोट फिरवू लागली. तिला कोणी अडवेना.
"श्रीपती, मी कुठल्या पानावर रे?"
"आत्ये, तू फाइलीत होतीस."
"मग काढ ना बाहेर."
मी पाणी प्यायलो.

१७ मे
सुमेधा परतली. रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाली, मास्टरमध्ये माणसं नसतात काका, फक्त त्यांचे पत्ते असतात. शाखांकडून आलेले मूळ कागद घेऊन पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसली. समितीने संपादकही तिलाच केलं. मी कागद वाचून दाखवतो.

२ जून
उमाआत्या मुद्दाम इथे रत्नागिरीला आली. सुमेधाने तिचं पान आधी काढून दिलं. आत्याने आपलं नाव दोनदा वाचलं, तिन्ही लेकींची एकेकदा, आणि पान घडी करून कनवटीला लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
प्रस्तावना अर्ध्या पानात बसवायची, असा नव्या संपादकांचा निरोप आहे. सकाळपासून चार ओळी झाल्या. चारही आभाराच्या.