गिरणीचे नव्हते ते तळहात

प्रिय बाबा,

आज लिहितोय, कारण उद्या सईचं रक्त तपासायला द्यायचंय आणि माझी भीती घरात कुणाला सांगवत नाही. तुमची पणती ती, तीन वर्षांची. माझ्या लेकीची आणि ताईच्या मुलाची लेक, म्हणजे ताईचीही नात.

रविवारी लालबागला ताईकडे गेलो होतो. सईचे तळहात जाड, पिवळट झालेत. ताई ते कुरवाळत म्हणाली, "अगदी बाबांचे हात रे! गिरणीवाल्याची पणती शोभते." सगळे हसले. मी सोडून. पोरीचे खालचे दोन दुधाचे दात मी हलताना पाहिले होते.

गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यांवर काम करून तुमचे हात तसे झाले, असं अख्खी चाळ मानायची. मीही ऐटीत सांगायचो. पण पायांचे तळवेही तसेच होते ना! साचे काय पायांनी चालवायचात? आणि लग्नाच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेले, कारण आत दातच नव्हते. आई म्हणायची, मिश्रीनं गेले. पंचविशीच्या आत?

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी नुसता संशय सांगितला, पोरीच्या अंगात जन्मापासून एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी असावं. बाकीचं मी डिक्शनरी घेऊन स्वतः वाचलं. कॅथेप्सिन सी. पेशीच्या आत बारीक पिशव्या असतात, त्यांतलं हे प्रथिनं तोडणारं विकर. माळेच्या टोकाचे मणी काढावेत तसं दोन-दोन दुवे कापतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतली आणखी काही विकरं त्याच्यामुळेच कामाला लागतात. ते नसलं की तळवे जाडावतात, हिरड्या सुजतात, दात पडतात. आणि कधीकधी यकृतात पू होतो.

तिथे वाचायचं थांबलो. तुम्ही तसेच गेलात ना? चाळीत कुजबुज झाली, पीत असणार म्हणून. तुम्ही तर आयुष्यात थेंब घेतला नाही.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच बाधतो. तुमच्याकडून तो मला आला, ताईलाही आला; एकाच बाजूनं, म्हणून आम्हाला बाधला नाही, पण आमच्या पोरांत उतरला. आणि तुमचाच हट्ट होता, "पोरगी आत्याच्या घरी दे, परक्यात कशाला?" दिली. आता तुमच्यावर रागावू तरी कसा? तुम्हाला कुठे ठाऊक होतं?

उद्या निकाल नाही, नुसतं रक्त.

ताईला मीच सांगेन, ती कुजबुज खोटी होती हेही सांगेन. सईच्या हिरड्या, तिचा प्रत्येक ताप मी बघेन. दात वाचतील असा शब्द देत नाही, तेवढं खोटं मला जमत नाही. पण फोटोत ती ओठ मिटून बसणार नाही, बाबा. स्वतःच्या दातांनी, नाहीतर कवळीनं, हसेल.

तुमचा,
बाळू