तिसऱ्या सर्व्हरचा पत्ता

१० ऑक्टोबर

सिद्ध करायचे ते असे: काल दुपारी रुग्णालयाची संगणकयंत्रणा पाऊण तास बंद राहिली, त्यास मी लिहिलेले फायरवॉलचे नियम कारण नव्हेत.

हेतू (तर्कशास्त्रात, दाव्यामागचे कारण): नियम सकाळी अकराला तिन्ही सर्व्हरवर लागू केले. तीन तास सर्व सुरळीत. दोन वाजता कल्पना निमजे (यंत्रणा रोज तीच सांभाळते, मी केवळ सल्लागार) हिने तिसरा सर्व्हर रीस्टार्ट केला. त्यानंतर तो इतर दोघांशी जुळेना. एकटा पडलेला सर्व्हर आपल्यातले एकही आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) सुरू करत नाही. रुग्णांच्या नोंदी त्याच्यातच होत्या; पाऊण तासाने तिने त्या बॅकअपवरून दुसऱ्या सर्व्हरवर सुरू केल्या.

डायलिसिस वॉर्डात त्या वेळी सहा जण. एका आजोबांच्या रक्त पातळ करण्याच्या औषधाची मात्रा सुनेने आठवून सांगितली. ती बरोबर निघाली. 'निघाली' या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली आहे.

शनिवारी बैठक. प्रशासक म्हणाले, "मैडम, आप बस लिख दीजिए किसकी ग़लती है. बाक़ी हम देख लेंगे."

बाकी म्हणजे कल्पनाची नोकरी.

११ ऑक्टोबर

कल्पना उतईहून स्कूटीने जुनवानीला, माझ्या घरी. चहा नाकारला.

"मी दर महिन्याले रीस्टार्ट करते, मॅडम. आजवर कधी बंद पडलं? मंग परवाच कावून पडलं?"

रीस्टार्ट आहे पण परिणाम नाही, असे अनेकदा घडले असेल तर माझा हेतू टिकत नाही. तर्कशास्त्र न शिकता तिने हे दाखवून दिले.

"अन् पासवर्ड तुमच्याजवळ, फोन तुमचा बंद. पाऊन घंटा लावून राहिली होती मी. लिवून टाका का कल्पनानं केलं. दोन पोरी हायेत माह्या, त्याइच्या नावानं बी एक चिठ्ठी लिवून देजा."

निवृत्तीआधी मी होते त्या कारखान्यात शिस्त होती: दुरुस्तीसाठी बंद केलेल्या यंत्रावर शटडाऊनचा लाल टॅग ज्याने लावला, त्यानेच काढायचा. बत्तीस वर्षे पाळली. फायरवॉलचा पासवर्ड म्हणूनच कुणाला दिला नाही. दीड ते तीन माझी विश्रांती. त्या वेळी फोन बंद ठेवते.

ती गेल्यावर फोन उशाशी नव्हे, हातात ठेवून बसले.

१२ ऑक्टोबर

रुग्णालयात जाऊन नियम ओळीने तपासले. परवानगीच्या यादीत तिसऱ्या सर्व्हरच्या पत्त्याचा शेवट २३. प्रत्यक्ष यंत्रावर ३३.

फायरवॉल चालू असलेले संभाषण तोडत नाही, नवे अडवते. म्हणून तीन तास काही झाले नाही. रीस्टार्टनंतर तिसरा परतला तो इतर दोघांच्या दारात परका ठरला.

कल्पना: "पावन्याले दारात निदान नाव तरी इचारते मानूस. तुमच्या फायरवॉलनं थे बी नाई केलं."

मी म्हणाले, पत्ता बदलल्याचे मला कुणीही सांगितलेले नाही.

ती, हळू: "मे महिन्यात मदरबोर्ड बदलला, त्याच्यासंगं पत्ता बी, तवाच सांगतलं होतं मॅडम. तुमच्याच घरी. पन्हं पेत होतो आपन. तुमीच वहीत लिवून घेतलं."

आठवत नाही. ती खोटे बोलत असेल तर स्वतःच्या बचावासाठी, हे समजण्यासारखे आहे. ती खरे बोलत असेल तर

१३ ऑक्टोबर

वही सापडली. मे महिन्याचे पान. 'तिसरा: ३३.' खाली, 'पन्ह्यात गूळ कमी पडला.' अक्षर माझे. त्याविषयी शंका घेता येत नाही. पान चार वेळा वाचले. ती दुपार, ते पन्हे, समोर बसलेली कल्पना, काहीच परत आले नाही. दुसऱ्या कुणाची वही वाचावी तसे.

दोन वेळा उठून गॅस पाहिला. बंद होता. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा आधी पाहिला होता की नाही याची खात्री नव्हती.

कबुलीचा पहिला मसुदा: 'पत्ता चुकीचा नोंदला गेला.' वाक्य खोटे नाही. मसुदा फाडला.

वाद कसा मांडावा हे मला बाबांनी शिकवले. त्यांचे विसरणे सुरू झाले तेव्हा तेही आधी हेच म्हणत: मला कुणी सांगितलेच नाही. आणि आम्ही सांगणाऱ्यालाच रागावत असू.

१४ ऑक्टोबर

बैठक अकराला. नऊला कल्पनाचा फोन.

"काय लिवलं मॅडम?"

"तिथेच वाचीन. आधी पासवर्ड लिहून घे."

"मले? तुमी तं कोनालेच देत नाई."

"लिही. आणि मला वाचून दाखव."

तिने वाचला. पुन्हा वाचायला सांगितला. तेव्हा तिने, अगदी मऊ आवाजात, "मॅडम, तब्येत बरी हाय ना?" असे विचारले. फोन ठेवला. खाली लिहिले आहे ते पाकिटात घातले. प्रत इथे ठेवते, कारण पुढे मी नाकारण्याचा संभव आहे.

'तिसऱ्या सर्व्हरचा नवा पत्ता श्रीमती कल्पना निमजे यांनी मला मे महिन्यात सांगितला होता. मी तो स्वतःच्या हाताने लिहून घेतला, आणि विसरले. विसरले हेही मला कळले नाही. चूक एक आहे आणि ती माझी आहे.

शालिनी आष्टीकर'