आत्याबाई, तुमची हनुवटी

तीर्थरूप आत्याबाईंना,

तुमची सून कुसुम हिचा साष्टांग नमस्कार. प्रकृती कशी आहे, असं विचारायची आता सोय राहिली नाही, म्हणून थेट कामाचंच लिहिते. तुम्ही गेल्यावर सांगलीच्या फोटोवाल्याकडं मोठा करायला दिलेला तुमचा फोटो परवा घरी आला. यांनी तो देवघराशेजारच्या भिंतीवर लावला, मी हार घातला, आणि त्याच संध्याकाळी आपल्या मंदानं जबड्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं डोक्यावरचं टोपडं काढून फेकलं. आता घालणार नाही म्हणाली. याला कारण मी आहे. परवा ते यांना सांगायचं धाडस झालं नाही, देवापुढं बसले तर शब्द फुटेना. तुम्हाला सांगितल्याशिवाय मात्र सुटका नाही.

फोटो आठवतो का? धाकटे भावजी फौजेतून सुट्टीवर आले होते, त्यांनी अंगणात काढलेला. मंदा त्यांच्या पाठीमागं उभी राहून तुम्हाला वेडावत होती, तुम्हाला हसू आवरेना, आणि त्या नादात पदर तोंडावर धरायचा राहून गेला. खालचे दात पुढं, वरचे त्यांच्या आत, हनुवटी चांगली पुढं आलेली. तुमचा एवढा उघडा चेहरा आम्हीसुद्धा क्वचित पाहिला होता.

तो फोटो फोटोवाल्याच्या हातात देताना मी हळूच विचारलं, हनुवटी जरा मागं घेता येईल का? तो म्हणाला, त्यात काय, ब्रशचं तर काम. त्यानं तुमचे ओठ मिटवले, हनुवटी आत घेतली, वर गालांना गुलाबी रंगही दिला. तयार फोटो बघून मला बरं वाटलं, आत्याबाई. लाज वाटते ती याचीच. खरंच बरं वाटलं.

का केलं मी असं? मंदा आत्ता कुठं चौथीत आहे. पण उद्या तिला बघायला माणसं येतील, तोंडात सुपारी टाकून भिंतीवरचे फोटो बघत बसतील. आजीची हनुवटी दिसली की नातीकडं बघतील आणि म्हणतील, घराण्यातच आहे. म्हणून मी तुम्हाला आधीच नीट करून ठेवलं. हिशेब ठेवणारी बाई मी, पुढच्या अडचणीची आज तरतूद करायची सवय. त्या तरतुदीत सासू खर्ची पडली, हे ध्यानातच आलं नाही.

मिरजेतही मी हेच केलं होतं, नाही का? पुण्याहून दर महिन्याला येणाऱ्या त्या दातांच्या डॉक्टरांनी मंदाला तोंड उघड, मिट, पुन्हा उघड असं करायला लावलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाचा खालचा जबडा असा पुढं आहे का? मागं बाकावर आपल्या आष्ट्याचीच एक बाई नंबर लावून बसली होती. मी म्हटलं, नाही, कुणाचाच नाही. आणि तुम्ही माझ्याशेजारी होता, तोंडाला पदर लावून.

तुम्ही पदर खाली केला. "आवं डागतर, ह्ये बघा. पोरीनं ह्ये माझं घेतलंया. तिच्या आईला काय ठावं, ती बाहेरनं आल्याली हाय."

मला पाठीशी घालून तुम्ही खुर्चीत जाऊन बसला. डॉक्टरांनी तुमचाही जबडा पाहिला आणि मग नीट समजावलं. असा जबडा घराण्यातून आलेला असला की वाढीच्या वयात तो पुढं जातच राहतो. वाढ चालू आहे तोवरच त्याला आवर घालता येतो, नंतर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. घरात कुणाचा नाही म्हटल्यावर ते वर्षभर थांबून बघू म्हणणार होते. म्हणजे माझ्या खोटेपणापायी पोरीचं वाढीचं वय हातचं गेलं असतं.

एसटीत मी मान खाली घालून बसले. आता तुम्ही बोलणार, याची वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "आगं, त्यो मानूस दिसभर जबडंच बघतुया. मी काय पदराआड हत्ती लपवला हुता?" आणि कितीतरी वेळ एकट्याच हसत होता. का रागावला नाहीत? दोन शब्द सुनावले असते तर मी तिथंच सुधारले असते. यांच्या कानावरही तुम्ही ते कधी घातलं नाही. एवढा मोठेपणा सुनेला झेपत नाही हो!

मग ते टोपडं आलं. डोक्याला कापडी पट्ट्यांची टोपी, हनुवटीला वाटी आणि वाटी मागं ओढून धरणारे रबर. संध्याकाळी घालायचं, सकाळी काढायचं, वाढ पुरी होईपर्यंत. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या पोरांनी घोड्याला लगाम घातला म्हणून चिडवलं आणि मंदा रडत घरात आली. मी काय म्हटलं? घाल मुकाट्यानं, नाहीतर कोण करून घेईल तुला!

तुम्ही मला बाजूला सारलंत. तिला मांडीवर ओढून म्हणालात, "मला जल्मात ऊस दातानं सोलता आला न्हाई. भाकरीबी मोडून दाढंखाली सारावी लागती. तुला सोलायचाय का न्हाई ऊस? मग घाल. हनुवटी माझीच ऱ्हाऊ दे, जरा मागं सरकली म्हंजी झालं."

त्यानंतर ती रोज दिवेलागणीला आपण होऊन तुमच्यापुढं येऊन बसायची. रबर तुम्ही अडकवायचा. तुम्ही गेल्यावरही तिनं कधी चुकवलं नाही, स्वतःच्या हातानं घालत राहिली. परवापर्यंत.

परवा फोटोकडं बघून तिनं विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आजी. ती अगदी भिंतीजवळ गेली. आजीची हनुवटी कुठं गेली, म्हणाली. मी म्हटलं, फोटोवाल्यानं तसं केलंय. त्याला कुणी सांगितलं, म्हणाली. मी चुलीकडं निघून गेले. पोर हुशार आहे, तिला तेवढ्यात कळलं.

काल फोटोपुढं दिवा लावून हात जोडले आणि कळेना, नमस्कार कुणाला करते आहे? गुलाबी गालांची कुणी परकी बाई समोर. फोटो उतरवला. मंदा बाहेर पायरीवर बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, फोटोवाल्याला मीच सांगितलं होतं. मला आजीच्या हनुवटीची लाज वाटली.

ती नखानं पायरीवरचं शेण खरवडत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझीपण वाटती?"

आत्याबाई, रोज पोथी वाचल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. मिरजेत जीभ किती पटकन खोटं बोलून गेली होती. काल मात्र ती उचलेना. शेवटी म्हटलं, "व्हय, वाटायची. वाटायला नको होती."

ती रडली नाही. रडली असती तर जवळ तरी घेता आलं असतं. उठून आत गेली आणि फेकलेलं टोपडं उचलून आपलं आपण घालू लागली. रबर अडकवायला मी हात पुढं केला, तर म्हणाली, नको, मी घालती. मी हात मागं घेतला. तो हक्क मला अजून मिळवायचा आहे.

आज सकाळी यांना सगळं सांगितलं. हे उठले, फोटो कापडात गुंडाळला आणि सांगलीला घेऊन गेले. तुमचा चेहरा जसा होता तसा करून आणतो, एवढंच दारातून म्हणाले.

तुम्हाला शब्द देते. लग्नासाठी टोपडं घाल, असं माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. आणि पुढंमागं कुणी मंदाला बघायला आलं, तर त्यांनी काही विचारायच्या आत मीच सांगेन, की ही हनुवटी तिच्या आजीची आहे. ऐकून ज्यांना उठायचं असेल, त्यांनी खुशाल उठावं.

तुमचीच,
कुसुम