सांबराला लागलेली मिठाची चटक

२६ ऑक्टो. दाभोसा
ठाण्याचं काम सोडून दहा दिवस. काका विचारत नाही, काकी रोज विचारते, पुढं काय. आज मोखाड्याला नोकरीचा फॉर्म भरायला निघालो. जीप भरेना, म्हणून नदीकाठानं सुटलो. फॉर्म राहिला, पण सांबर दिसलं! नर. पोटापर्यंत पाण्यात, तोंडातून गवत लोंबतंय. जवळजवळ घोड्याएवढं.

३० ऑक्टो.
रोज जातोय. पडलेले आवळे खातं, नंतर रवंथ करताना बिया थुंकतं. कोवळी साल सोलतं. चिखलात लोळतं. माझा वास आला की पाय आपटतं नि जातं. जवळून बघायचंय. काका बैलांना दगडावर मीठ ठेवतो, तसं मी आपल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतावरच्या खडकावर ठेवलं.

५ नोव्हें.
पहाटे आलं. पंधरा पावलांवर मी, तरी चाटतंय. काकाला फक्त 'सांबर बघितलं' एवढंच सांगितलं.
'लांब राहा. आता नर माजावर असतो. शिंगावर घेतलं तर काकी तुझा फोटो लावंल भिंतीला.'

८ नोव्हें.
डुकरांनी नागली तुडवली. काकानं बांधावर तारेचे फासे लावले. म्हटलं, सांबर अडकलं तर?
'ते कशाला येतंय इकडं? डोंगरातलं जनावर.'
मिठाचं सांगितलं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

९ नोव्हें.
सांगितलं. मिठाचं ऐकून काका हसला, 'जावई केलास काय त्याला?' मग हसणं थांबलं. 'फासे काढू नि वर्षभर खाऊ काय?'
मीठ उचललं. खडक धुतला.

११ नोव्हें.
मीठ नाही तर खारी माती चाटतंय. खड्डा पडलाय. खुरांचे ठसे फाशापासून चार हातांवर. माती पाटीत भरून लांब टाकली.

१३ नोव्हें.
आज परत. मी ओरडलो, हललं नाही. त्याची भीती मीच घालवलेली. दगड मारला, बरगडीला लागला. नुसतं बघत राहिलं माझ्याकडे. दुसरा मारल्यावर पळालं, तेही बांधाकडेच.
काका नि मी धावलो. एक फासा ताणून तुटलेला. तारेला केस. जनावर नाही. पायात तार घेऊन गेलं की नुसतं निसटलं, कळत नाही.
काकानं तारेवरचे केस काढले. मग उरलेले सगळे फासे काढले, शेतातल्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला टांगले.
'कापणीपर्यंत राखण तुझी. एक दिवस कुठं भटकलास, परत लावीन.'
कापणीला आठ दिवस. एका जागी. मी.

१४ नोव्हें.
पहाटेपासून माळ्यावर. डुकरं दोनदा हाकलली. खाली मोखाड्याचा जीपवाला हॉर्न देतोय, एक सीट रिकामी म्हणून. माळ्यावरूनच हात केला, जा.