पिशवीतलं कणीस

प्रिय आईस,
चार नोकऱ्या सोडून पळालेल्या तुझ्या लेकाचा नमस्कार. मजेत आहे, आणि अजून इथेच, मक्याच्या बियाणे केंद्रावर आहे!

आमचा मका नारिंगी, खाल्ला की नजरेला चांगला. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या कणसाच्या केसांवर झाडायचा, की लगेच वर कागदी पिशवी. मला कुठला धीर! चौथ्याच दिवशी पिशवी काढून डोकावलो. केंद्राच्या मोठ्या बाई ओरडल्या, "अरे शहाण्या, वाऱ्याने भलताच पराग बसला की! कणीस वाया." वाटलं, गेली नोकरी. तर म्हणाल्या, "आता पिशव्यांची राखण तूच कर."

नवं बियाणं व्हायला पाच वर्षं लागतील म्हणे. ताईची चिमी अजून तिन्हीसांजेला चाचपडते का गं? तिला डॉक्टरकडे नेच. पहिलं कणीस तिला मी भाजून देणार. तोवर डोकावणार नाही, पळणारही नाही.

तुझा,
पिशव्यांचा राखणदार