सात वेळा ओढलेलं कुलूप

३ फेब्रु.
डॉ. बाईंनी वही लिहायला सांगून बारा दिवस झाले. आज हात लागला. आळस, दुसरं काय.
केसपेपरवर स्किझोफ्रेनिया. नव्या गोळीने डोक्यातले आवाज बंद झाले, खरंय. पण डोस वाढला तसं हे कुलपाचं सुरू झालं. लागलंय हे माहीत असतं, तरी ओढून बघतो. सात वेळा. मोजणं चुकलं की पहिल्यापासून.

५ फेब्रु.
मी कामाला आहे ते शेठचं हार्डवेअरचं दुकान, मुलुंड. दुपारी तो जेवायला घरी जातो, शटर मी पाडतो. माझा कुलूप ओढतानाचा व्हिडिओ त्याने कॅमेऱ्यातून काढून मार्केटच्या ग्रुपवर टाकला. वर आरतीचं म्युझिक. चहावाला म्हणतो, "काय रे, आज घंटा किती वेळा वाजवलीस?" सगळे हसले. मी पण हसलो. त्याचाच जास्त राग येतोय.
शेठला सोडणार नाही.

६ फेब्रु.
ठरलं. कुलूप नुसतं अडकवायचं, दाबायचं नाही. कोणी पण शटर उचलेल. मग टाक म्हणावं व्हिडिओ.
पवईला गेलो. तलावात मगर आहे म्हणतात. दोन तास बसलो, नाही दिसली.
आई गोळी देते, वर "जीभ वर कर, बघया." रोज.

९ फेब्रु.
अडकवलं, निघालो. स्टेशनच्या पुलापर्यंत पोचलो. मग परत. दाबलं, सात वेळा ओढलं. शेठचा माल मीच वाचवला. ही गोळी सूड पण घेऊ देत नाही.

१० फेब्रु.
रक्त तपासायला दिलं. डॉ. बाई म्हणाल्या, या गोळीने काहींना असं होतं, मनाने बंद करू नकोस, आवाज परत येतील. डोस बघू, सोबत दुसरी गोळी देऊ.
"हे आधी का नाही सांगितलंत?"
पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सांगायला हवं होतं."
सुडाच्या यादीत यांचं नाव पण शेठच्या खाली लिहिणार होतो. राहिलं.

१२ फेब्रु.
आज केलं. अडकवलं आणि पळत रिक्षात बसलो, परत फिरायलाच नको. आता अडीच. घरी पोटमाळ्यावर. इथे घराची कडी ओढून झाली, चाळीसच्या पुढे मोजलं नाही. चारला शेठ दुकान उघडेल, तेव्हा
खाली कोणीतरी आलंय.
शेठ. आमच्याकडे कधीच आलेला नाही. वाकून बघितलं, हातात कुलूप आहे. आईला विचारतोय, "पोरगा बरा आहे ना? कुलूप उघडं राहिलं होतं. त्याचं असं कधी होत नाही."