बाबांचा हॉप आणि वहिनीचा उशीर

२८ ऑगस्ट
बाबा एकदा म्हणाले होते, "ल्यूबा, तुझ्या हातून काठीसुद्धा रुजेल." काठी वाळुंजाची होती, ती कुणाच्याही हातून रुजते, असं ओतकारदादाचं म्हणणं. त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचं असतं.
बाबांचं घर विकलं. परसातले त्यांचे हॉपचे दोन वेल नोव्हेंबर संपायच्या आत हलवा, असं नव्या मालकाने सांगितलंय. एक मला, एक दादाला. म्हणजे ब्लाझेना वहिनीला. बिचारा वेल.

४ सप्टेंबर
तोडणी. वेल तारेवरून खाली ओढले, बिअरमध्ये घालायची फुलं खुडली. बोटं पिवळी आणि कडू. बुंधा गुडघाभर हिरवा राखायचा, म्हणे थंडी पडेपर्यंत रस मुळात उतरतो. वहिनी तेच करत होती, सगळं झातेत्स गाव तेच करतं. म्हणून तर इथली परसं दाढी वाढलेल्या माणसासारखी दिसतात. मी माझा वेल जमिनीलगत कापला. कसं स्वच्छ!

५ सप्टेंबर
उद्याच खणून नेते म्हटलं, तर वहिनी म्हणते, "वन्सं, तो अजून जागा आहे. झोपला की हलवू." मी म्हटलं, नऊ वाजेपर्यंत झोपायची सवय माणसांना असते, वेलांना नाही. हसली. हसायला काय जातंय तिचं!

६ सप्टेंबर
मुळं पाताळात गेलेली. खालची जाड मुळं कुऱ्हाडीने तोडली. ओझंच ते. भर उन्हात डिकीत घालून आणला, लावला. पाठ गेली.

१९ सप्टेंबर
कोंब फुटले! दादाला फोटो पाठवला. वहिनीचा उलट निरोप: "आत्ता फुटले?" मत्सर, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर
पहिला गारठा. कोंब काळे पडले. विश्रांती घेतोय.

१२ नोव्हेंबर
काल संत मार्टिनचा सण, घरोघरी हंस. वहिनी भाजलेला हंस हाणून मग फावडं घेऊन निघाली. दादाला जुंपून केवढं मातीचं ढेकूळ उचलून नेलं! वेल नेला की शेत नेलं?

९ एप्रिल
वेल अजून उठत नाही. माझ्याकडची माती हलकी. शिवाय उंदीर आहेत. शिवाय नव्या मालकाची नजर.

१६ एप्रिल
माती उकरून पाहिली. मूळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं.
वहिनीकडे जांभळे कोंब वीतभर झालेत. जास्तीचे खुडून अंड्यात परतले आणि मला वाटीभर पाठवले. बाबांचा वेल, वाटीत.
खाल्ले. चांगले होते.

१७ एप्रिल
बाबांचं असं आता तेवढंच उरलंय, तेही तिच्या दारात. या आठवड्यात ती मुळांची छाटणी करेल; छाटलेला तुकडा लावला की नवा वेल होतो. मी तिच्या जागी असते तर दिलं नसतं. वर दादाला सांगून हसले असते. तीही नाहीच म्हणेल. तरी सकाळी जाणार. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं:
"वहिनी, बाबांच्या वेलाचं एक मूळ द्या. आणि लावायलाही तुम्हीच या."